सांगून हात लाव

आमच्या वस्तीत कुणा घरची बाई गेली, की पहिलं बोलावणं माझ्या आईला यायचं. आणि त्या आईची मुलगी, म्हणजे मी, नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला प्रेत पाहून हॉलमधून पळाले. पळाले म्हणजे अक्षरशः पळाले. एक चप्पल दारातच राहिली आणि ती नंतर मैत्रिणीनं आणून दिली.

साल १९९६. आम्ही कोपरखैरण्याला माथाडी कामगारांच्या बैठ्या घरांत राहायचो. आण्णा तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात गोणी वाहायचे. मूळ गाव साताऱ्याकडचं, पाटणच्या वर डोंगरात. आईचं नाव पुतळा. गावाहून येताना तिनं आपलं एक कामही सोबत आणलं होतं. गेलेल्या बाईला आंघोळ घालायची, लुगडं नेसवायचं, केस विंचरायचे. या कामाचं ती कुणाकडून सुपारीचं खांडही घेत नसे. बाया तिला मान द्यायच्या, पण हळदीकुंकवाला बोलावताना जरा अडखळायच्या. मला तर तिच्या या कामाची सरळ लाजच वाटायची. नेरूळच्या कॉलेजात फॉर्मवर मी आईपुढे ‘गृहिणी’ लिहिलं, ते काही खोटं नव्हतं. पण होस्टेलवर ईश्वरीनं विचारलं तेव्हा ‘आई समाजकार्य करते’ असं ठोकून दिलं, ते जरा अतीच झालं.

ईश्वरी माझी खोलीतली जोडीदारीण. चप्पल आणून देणारी हीच. तिला कशाची भीती वाटत नसे, निदान तसं ती म्हणायची.

तर तो हॉलमधला पहिला दिवस. शरीररचनेच्या हॉलमध्ये औषधाचा वास डोळ्यांत झोंबत होता. टेबलावर एक म्हातारा माणूस, अंगभर कापड, पायाच्या अंगठ्याला नंबर. कापडापर्यंत मी ठीक होते. मग अटेंडंट पोपटदादांनी कापड काढलं, शिकवणाऱ्या डॉक्टरांनी म्हाताऱ्याचा हात उचलला, काहीतरी दाखवलं आणि सोडून दिला. हात टेबलाच्या पत्र्यावर आपटला. तो आवाज ऐकला आणि पुढचं मला दाराबाहेरचंच आठवतं.

दुसऱ्या खेपेला मी आतच गेले नाही. भिंतीला टेकून उभी राहिले आणि तास संपल्यावर सगळ्यांच्या आधी जेवायला पोचले. तेव्हा आमच्या खोत सिस्टरनी बोलावून घेतलं. त्या आम्हाला शिकवायच्या. रत्नागिरीकडच्या, बारीक अंगाच्या आणि आवाज न चढवता घाम फोडणाऱ्या. त्या म्हणाल्या, कमरेखाली सुई द्यायची तर तिथून जाणारी मोठी नस कुठे आहे हे डोळ्यांनी पाहिलेलं असावं लागतं, चुकलं तर चालता माणूस लंगडा होतो. ज्या मुलीनं ती नस पाहिली नाही तिच्या हातात मी सुई देणार नाही. सोमवारी आत ये, नाहीतर वडिलांना घेऊन ये आणि नाव काढून घे.

मी शनिवारी घरी आले ती नाव काढायचं ठरवूनच. आण्णांपुढे शब्द कसे मांडायचे याची बसमध्ये तालीमही केली. आमच्या सगळ्या ओळीत दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली मुलगी. आण्णा मार्केटात भेटेल त्याला सांगायचे, आमची जाई नर्स होणार. त्या आण्णांना आता काय सांगायचं? रात्री जेवताना बोलेन म्हटलं, बोलले नाही. सकाळी बोलेन म्हटलं, तर सकाळी दारात भैरू उभा. दोन घरं सोडून राहायचा. त्याची आई पहाटे गेली होती.

आईनं पदर खोचला. नेहमी तिच्यासोबत जाणारी बाई गावी गेली होती. आईनं माझ्याकडे पाहिलं आणि चल म्हणाली. मी म्हटलं, मला बरं नाही. ती म्हणाली, पाणी ओतायला कुणीतरी पाहिजे, मग झोप दिवसभर. मला असा राग आला की सांगता सोय नाही. त्या आठवड्यात मला प्रेतांशिवाय काही दिसायचंच नाही असं कुणीतरी ठरवून टाकलं होतं जणू. पण आईला नाही म्हणायची आमच्या घरात पद्धत नव्हती.

भैरूच्या घरामागे बायकांनी लुगडी धरून आडोसा केला होता. त्या सगळ्या तोंड फिरवून उभ्या. आत आई, मी आणि पाटावर म्हातारी. आईनं तिच्या कानाजवळ तोंड नेलं आणि रोजच्या आवाजात म्हणाली, “आत्याबाई, हात उचलते हां.” मग हात उचलला, धुतला आणि अंगावर अलगद ठेवला. “आता दुसरा.” तो धुतला. “पानी जरा ऊन हाय, आत्याबाई.” असंच चाललं होतं. मी तांब्यानं पाणी ओतत होते आणि डोळे तांब्यावरच ठेवले होते.

पाठ धुवायची वेळ आली तेव्हा म्हातारीला कुशीवर वळवायला एकटी आई पुरेना. तिनं मला खांद्याला धरायला सांगितलं. मी तोंड फिरवून, श्वास कोंडून हात पुढे केला. आईनं माझं मनगट पकडलं.

“आधी तिला सांग.”

आई थांबली. आडोशापलीकडच्या बायाही थांबल्या असाव्यात, कारण कुजबूज बंद झाली. शेवटी मी म्हटलं, आजी, कुशीवर वळवते हां. बोलायचं म्हणून तोंडाकडे पाहावं लागलं. पाहिलं तर ती भैरूची आईच होती. चार महिन्यांपूर्वी मला होस्टेलला जाताना शेंगदाण्याचा लाडू देणारी. मी तिचा खांदा धरला आणि धरून ठेवला. भीती गेली नाही, पण तोंडही फिरवलं नाही.

घरी आल्यावर दोघींनी डोक्यावरून आंघोळी केल्या. केस पुसता पुसता मी आईला सगळं सांगून टाकलं. पळाले ते, चपलेचं, खोत सिस्टरचं, उद्याचं. तिथे प्रेतं कापतात हेही सांगितलं. म्हातारा कुणाचा म्हणून तिनं विचारलं. माहीत नाही, म्हटलं. मग कापायचं कशापायी, हे विचारलं. मी नसेची गोष्ट सांगितली. तिनं स्वतःच्या कमरेवर हात ठेवून कुठं ते नीट समजून घेतलं.

मग मी विचारलं, “आई, त्यांना ऐकू येतं का गं?”

“त्यांना न्हाई येत. मला येतंय की. न बोलता हात लावला तर सामान उचलल्यावानी हुतंय. मग आपलंच आपल्याला भ्या वाटतंय.”

तिनं केसांचा अंबाडा बांधला. नवी नवरी असताना सासूनं पहिल्यांदा या कामाला नेलं, तेव्हा तीही ओढ्यापर्यंत पळाली होती म्हणे. हे तिनं मला एवढ्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. मग म्हणाली, उद्या जा, आणि त्या म्हाताऱ्याला सांगून हात लाव. आण्णांना काही सांगायची गरज उरली नाही.

सोमवारी मी आत गेले. डॉक्टर म्हणाले, कोण पुढे येतंय? मी आले. ईश्वरीनं डोळे विस्फारले. मी टेबलाशी वाकले, त्या म्हाताऱ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हटलं, आजोबा, हात उचलते हां. मागून कुणीतरी फिसकन हसलं. मग दोघी-तिघी हसल्या. डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली.

खोत सिस्टर मागच्या बाजूला उभ्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, “काय म्हणालीस? मोठ्यानं म्हण.”

मला वाटलं, संपलं. पण आता मागे फिरायचं तर पुन्हा दारापर्यंत पळावं लागलं असतं, आणि दोन्ही चपला पायांत राहतील याची खात्री नव्हती. मी मोठ्यानं म्हटलं. हात उचलला, दाखवायचं ते दाखवलं, आणि हात अलगद खाली ठेवला. मग पोपटदादा आणि आम्ही चौघींनी त्यांना पालथं केलं, तेही सांगून. डॉक्टरांनी वरचा जाड स्नायू आधीच उलगडून ठेवला होता. मी चिमट्यानं त्याच्याखालचं बाजूला केलं आणि ती दिसली. पांढरी, चपटी, बोटाएवढी रुंद नस, कमरेतून मांडीत उतरणारी. सुई कुठे द्यायची आणि कुठे द्यायची नाही, ते मी बोट ठेवून दाखवलं.

खोत सिस्टर पुढे आल्या. त्यांनी विचारलं, हे बोलायचं तुला कुणी शिकवलं? कुणी नाही म्हणता आलं असतं. ईश्वरी समोरच होती.

“आईनं,” मी म्हटलं. “आमच्या वस्तीत बाई गेली की माझी आई तिला आंघोळ घालते. गावाकडे होती तेव्हापासून घालते. हात लावायच्या आधी सांगते.”

हॉलमध्ये कुणी हसलं नाही. खोत सिस्टरनी चष्मा काढून पुसला. मग त्या मुलींकडे वळून म्हणाल्या, की वॉर्डात बेशुद्ध माणसं असतात, त्यांना सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही, हे मी तिसऱ्या वर्षाला शिकवते आणि परीक्षेला निम्म्या मुली विसरतात. हिच्या आईनं ते एका दिवसात शिकवलं. मग त्यांनी तीसच्या तीस मुलींना एकेक करून टेबलाशी उभं केलं आणि म्हणायला लावलं. ईश्वरीचा नंबर आला तेव्हा तिनं डोळे घट्ट मिटून घेतले आणि मला कळलं की बया आजवर नुसती उसनं अवसान आणून होती. मी तिचा हात धरला. त्या दिवसानंतर डॉक्टरांनीही तो हात कधी आपटला नाही. माझी छाती अशी फुगली होती की एप्रनचं बटण तुटायचं तेवढं राहिलं.

पुढच्या रविवारी हे सगळं घरी सांगितलं. आई आधी चिडली. एवढ्या लोकांपुढे माझं कशाला काढलंस, म्हणाली. मग भाकरी थापता थापता म्हणाली, त्या बाई काय म्हणाल्या, परत सांग. मी परत सांगितलं. आण्णांनी ऐकलं नाही असं सांगून तिनं तिसऱ्यांदा सांगायला लावलं, आणि आण्णा तर तिथेच बसून होते.

संध्याकाळी आम्ही दोघी नळावर गेलो. रांगेत पुढे शालनकाकू होत्या, समोरच्या ओळीतल्या. त्यांनी माझ्याकडे चोरून पाहिलं आणि आईला हळू आवाजात विचारलं, खरं का गं पुतळा, तुजी पोरगी मेलेली मानसं कापती म्हनं?

रांगेतल्या बायांच्या माना वळल्या. आई असल्या वेळी विषय टाळायची, हे मला माहीत होतं. तिनं कमरेवरचा हंडा खाली ठेवला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली,

“कापती. पन सांगून कापती.”

मग हंडा उचलला आणि रांगेत एक पाऊल पुढे सरकली. तिच्या मागे मीही सरकले.