डावीकडे पाहणारा गरुड

“अहो, तो दगड कुठं नेताय? मी धुणं काय तुमच्या डोक्यावर आपटू?” गास्परोची बायको बेत्तीना ओल्या मुठी कमरेवर ठेवून उभी राहिली.

गास्परोने पहार घालून धुण्याचा दगड उलटा केला. खालच्या अंगाला चिखलाने माखलेला गरुड होता. एकतीस वर्षे तो जमिनीत तोंड खुपसून पडला होता.

“उद्या ड्यूक शहर सोडतोय, नदीच्या वेशीतून,” गास्परो म्हणाला. “जाताना हा बघून जाईल.”

बाकावर त्याचे वडील तादेओ दोन्ही पंजांत वाडगा धरून भोपळ्याचे सार पीत होते. त्यांची बोटे वळत नसत.

एकतीस वर्षांपूर्वी वेशीवर गरुड कोरायचे काम त्यांना मिळाले, तेव्हा नमुना म्हणून दरबारातून लाखेवरचा ठसा यायला हवा होता. घाईत ठसा उमटवायचा शिक्काच आला. शिक्क्यात सगळे उलटे असते. तादेओंनी दिसले तसे कोरले. घराण्याचा गरुड उजव्या खांद्याकडे पाहतो; डावीकडे मान वळली, की रक्त अनौरस. ड्यूकच्या आजोबांच्या जन्माबद्दल गावात कुजबुज होतीच. तेव्हा तरुण असलेल्या ड्यूकने तादेओंची बोटे ऐरणीवर ठेवून ठेचायला लावली आणि दगड त्यांच्या अंगणात फेकून दिला.

आता पोपने त्याच जन्मावर बोट ठेवून जहागीर काढून घेतली होती. शहरातले सगळे गरुड तासून टाकायचे काम गास्परोला मिळाले. महिन्याभरात त्याने बावीस फोडले, शीळ घालत. तेविसावा वेशीवरचा. तो काढून त्या कोनाड्यात त्याला हा बसवायचा होता.

“त्याची मान खाली गेलेली बघायचीय मला, बाबा. सगळ्या गावासमोर.”

“बसवशील तो ओळंब्यात बसव,” तादेओ म्हणाले. “कलला तर लाज माझी जाईल.”

सकाळी धुके विरले तेव्हा वेशीपाशी गर्दी होती. मासे विकणारी एक बाई ओरडली, “अगं बाई, मान बघा त्याची! दगडसुद्धा खरं बोलायला लागला!” लोक खदखदून हसले.

ड्यूकची गाडी वेशीखाली थांबली. पडदा सरला. आत पांढऱ्या केसांचा, फुगीर डोळ्यांचा म्हातारा होता. त्याने वर पाहिले. बराच वेळ पाहिले. गास्परोने टोपी काढली नाही.

“कोणाचं काम?”

“माझ्या बाबांचं, सरकार. तादेओ पाथरवट.” नाव त्याने सावकाश उच्चारले.

म्हातारा आठवू लागला. मग त्याने मान हलवली. “ओळखत नाही. पण हात चांगला आहे.”

पडदा पडला. गाडी पुलावरून निघून गेली.

गास्परो तिथेच उभा राहिला. दुपारी पोपच्या वतीने शहर ताब्यात घेणाऱ्या कार्डिनलचा कारकून आला. “मिस्त्री, हा का राहिला?”

“हा त्यांचा नाही, साहेब. त्यांनी टाकून दिलेला आहे.”

“गरुड आहे ना? मग संध्याकाळपर्यंत साफ करा. नाहीतर दुसरा माणूस घण घेऊन येईल.”

तादेओ पुलाच्या कठड्यावर येऊन बसले होते. त्यांनी सगळे ऐकले होते.

“दुसऱ्याला हात लावू देऊ नकोस,” ते म्हणाले. “आणि चोच आधी फोडू नकोस. मी चोचीपासून सुरुवात केली होती. तू शेपटाकडून ये.”

गास्परो परांचीवर चढला. आधीच्या बावीस गरुडांतल्या कुठल्याच एकाला लागला नव्हता एवढा वेळ त्याने याला लावला. शेपूट, मग पंजे, मग पिसामागून पीस. तादेओ खालून सांगत होते, “ते तिसरं जरा खोल आहे. तिथं छिन्नी घसरली होती माझी.”

ऊन उतरले तेव्हा फक्त डोके उरले होते, डावीकडे वळलेले.

गास्परोने खाली पाहिले. तादेओंनी दोन्ही पंजांत धरून डोक्यावरची टोपी काढली, मांडीवर ठेवली, आणि मग त्याला मानेने खूण केली.