यंत्राची शिटी

गेल्या नाताळात आमच्या ट्रुडीने तिच्या बापाला बंदुकीची दारू मोजायचं यंत्र दिलं आणि माझ्या भावाची नोकरी गेली. पगार कधी नव्हताच, पण नोकरी ती नोकरी.

आमच्याकडे मोंटानात हिवाळा लागला की पुरुषमाणसं तळघरात उतरतात आणि घरची काडतुसं भरत बसतात. आमच्या घरी हे काम शनिवारचं. माझा नवरा लीलंड रिकाम्या पुंगळीला टोपी बसवणार, माझा थोरला भाऊ ऑरिन तराजूवर दारू तोलून पुंगळीत ओतणार, मग लीलंड वरून गोळी दाबणार. आमच्या लग्नापासून हे असंच चाललंय. तोलताना दादा श्वास रोखून दाणा दाणा टाकतो. संध्याकाळभरात फार तर एक डबी भरते, पण कोणालाच घाई नसते. मग दोघं वर येतात, मी एल्क हरणाचं मटण आणि बटाटे वाढते, आणि मागच्या मोसमात निसटलेला एल्क कोणामुळे निसटला यावर ते भांडतात. वहिनी गेल्यापासून दादा आठवड्यातून एकदाच माणसांत जेवतो, तो आमच्याकडे.

यंत्राला यातलं काही माहीत नव्हतं. हवं ते वजन सांगायचं, की ते गुरगुरत वाटीत दारू सोडतं, शेवटी थांबत थांबत एकेक दाणा टाकतं आणि वजन भरलं की शिटी मारतं. पहिल्या शनिवारी दादा आपल्या खुर्चीत बसून ते बघत राहिला.

"बरं मोजतंय," लीलंड म्हणाला.

"मोजेना का. जेवायलाही मागत नाही, तुझा फायदाच आहे."

थोड्या वेळाने पिकअपचं काहीतरी बघायचंय म्हणून दादा न जेवताच गेला. पुढच्या शनिवारी त्याची कंबर धरली. त्याच्या पुढच्या शनिवारी मी फोन केला, तर उचललाच नाही. त्याचं मला नवल वाटलं नाही. जन्मभर कानात बोळे न घालता बंदूक चालवल्यावर फोनची घंटा ऐकू येणार कुठून? दादा हे कबूल करत नाही. त्याच्या मते हल्ली लोक फोनच करत नाहीत.

मी लीलंडवर घसरले. "ते यंत्र ट्रुडीला परत दे."

"पोरीने हौसेने दिलंय गं."

"मग माझ्या भावाला परत आण."

लीलंडने दोन दिवस विचार केला आणि मला गाडीत बसवून दादाच्या घरी नेलं. दादा दारातलं बर्फ उपसत होता. लीलंड खाली न उतरताच म्हणाला, "ते यंत्र माझ्या काही कामाचं नाही. शिटी मारतं, ती मला ऐकू येत नाही."

"काय?" दादा म्हणाला.

लीलंडने आवाज चढवला. "शिटी. माझे कान गेलेत."

दादाच्या तोंडावर समाधान पसरलं. "कधीचा सांगतोय, बोळे घाल म्हणून."

"आता काय उपयोग? कोणीतरी शेजारी बसून सांगायला हवं, वाजली म्हणून."

"अर्लीन आहे की."

"त्या बंदुकीच्या दारूच्या वासाने माझं डोकं उठतं," मी म्हणाले. मला तो वास आवडतो.

दादाने फावडं बर्फात रोवलं. "येतो शनिवारी. जेवायला थांबेनच असं नाही."

थांबला. तेव्हापासून यंत्र शिटी मारतं, दादा "वाजली" म्हणतो आणि लीलंड वाटी उचलतो. वजनाचा आकडा समोरच ठळक लाल दिसतो, पण तो विषय दोघांपैकी कोणी काढत नाही. छळ होतो तो माझा. घरात धड कान फक्त माझे आणि ती शिटी तळघरातून येऊन थेट दातांत शिरते. गेल्या आठवड्यात दोघं घरात नसताना मी खाली गेले, चार बटणं दाबली आणि तिचं तोंड बंद केलं.

शनिवारी बटाटे सोलताना माझ्या डोक्यात उजेड पडला. शिटीच नाही म्हटल्यावर दादाचं काम पुन्हा गेलं, आणि या खेपेला माझ्या हातून. सुरी हातात तशीच धरून मी जिन्याकडे धावले.

खाली यंत्र गुरगुरत होतं. मग थांबत थांबत चाललं, मग गप्प झालं. दादा त्याच्यावर इतका वाकला होता की नाक आकड्याला टेकलं असतं.

"वाजली," तो म्हणाला.

लीलंडने वाटी उचलली. "नक्की?"

"लेका, माझे कान तुझ्यासारखे नाहीत."

"म्हणून तर तुला बसवलंय," असं म्हणून लीलंडने दारू पुंगळीत ओतली आणि वाटी जागेवर ठेवली.

मला रडू आलं. एका हातात सुरी आणि दुसऱ्यात बटाटा, डोळे पुसायचीही सोय नव्हती. मी तशीच स्वयंपाकघरात परतले आणि दादासाठी आणखी दोन बटाटे घेतले.

"वाजली," खालून दादा म्हणाला.