बर्फगडाचे चौघे आणि पाचवी

मित्रांनो, मी एक जुनं चित्र आहे. भिंतीवर टांगण्यासाठी मला कोणी काढलं नव्हतं, तेव्हा माझ्याकडून फार देखणेपणाची अपेक्षा ठेवू नका. चाळीसेक वर्षांपूर्वी ओसाकातल्या एका कंपनीने 'बर्फगडाचे चौघे' नावाचा व्हिडिओ गेम काढला. त्याच्या डब्याच्या झाकणावर जे छापलं गेलं, त्याचं मूळ म्हणजे मी. पडद्यावर त्या खेळातला वीर म्हणजे मूठभर चौकोनी ठिपके. त्यातलं नाक कोणतं आणि ढाल कोणती, हे खेळणाऱ्याने श्रद्धेने ठरवायचं. त्या ठिपक्यांना नाकडोळे, केस आणि जमल्यास थोडा स्वभाव देणं हे माझं काम. मुलं माझ्याकडे बघून डबा विकत घेत आणि घरी जाऊन ठिपके हलवत बसत. याला फसवणूक म्हणता येईल. त्या काळी कला म्हणत.

माझे जन्मदाते कुरामोची. डब्यावर चित्रकाराचं नाव छापायची तेव्हा पद्धत नव्हती. नाव कळलं तर दुसरी कंपनी माणूस पळवील, ही धास्ती. कंपनीने त्यांना खेळ दाखवला नाही, कारण तो अजून तयारच नव्हता. टेलिफोनवर एवढंच सांगितलं, "चार वीर, एक गड, भरपूर बर्फ. आणि उजवीकडचा खालचा कोपरा मोकळा सोडा. तिथे सोनेरी अक्षरांत नाव येईल."

कुरामोची मान खाली घालून कामाला लागले. ती मान मग वर आलीच नाही. जेवणाच्या वेळी त्यांची बायको मिसाओ खोलीच्या दारात येऊन उभी राहायची. हातात उलथणं, मागे तव्यावर कोबीचं धिरडं, आमच्याकडचं ओकोनोमियाकी, चुरचुरत असायचं.

"अहो, जेवायला येताय ना?"

"हं."

"हं म्हणजे हो की नाही?"

"हं."

"घराला आग लागलीय."

"हं."

मी तेव्हा अर्धामुर्धा होतो. दोन वीर झाले होते, तिसऱ्याला पाय यायचे होते. तरीही मला त्या बाईची दया यायची. एके दिवशी ती दारात आली तेव्हा हातात उलथणं नव्हतं, पिशवी होती. "मी वाकायामाला माहेरी जाते," ती म्हणाली. कुरामोची म्हणाले, "हं." ती गेली. जेवायला कोणी बोलवत नाही हे त्यांच्या ध्यानात आलं, तोवर चौथ्या वीराचे बूटसुद्धा रंगवून झाले होते.

त्यानंतर त्यांनी जे केलं, त्याने मी थक्क झालो. त्यांनी तो मोकळा कोपरा रंगवायला घेतला. जो कोपरा सोनेरी अक्षरांखाली झाकला जाणार, जो जगात कोणालाही दिसणार नाही, त्या कोपऱ्यात त्यांनी एक दार काढलं आणि दारात मिसाओला उभी केली. चारही वीरांना मिळून जेवढा वेळ लागला नव्हता, तेवढा तिला लागला. ते डोळे मिटून बसत, मग उघडून एक रेघ ओढत. कानामागून सुटलेली बट. कोबी चिरताना कापलेल्या बोटावरची पांढरी पट्टी. हातातलं उलथणं. आणि तोंड जरासं उघडं, काहीतरी विचारायच्या बेतात असलेलं. मला राहून राहून आश्चर्य वाटे, की या गृहस्थाने मान तर वर केलीच नव्हती, मग हे सगळं पाहिलं कधी?

दुसरा धक्का कंपनीने दिला. सोनेरी शाई फार लागते असं मालकांच्या लक्षात आलं आणि खेळाचं नाव लहान करून वर, आभाळात नेलं. छापलेला डबा कुरामोचींनी घरी आणला, माझ्याशेजारी ठेवला आणि त्यांचा चेहरा माझ्यातल्या बर्फासारखा झाला. डब्यावर लिहिलं होतं 'चौघे' आणि दिसत होते पाच. आपल्या मनातली गोष्ट माणसाने भिंतीशी तोंड करून पुटपुटावी आणि ती रेल्वे स्टेशनच्या भोंग्यावरून ऐकू यावी, तसं झालं. मग त्यांनी एक डबा कागदात गुंडाळून वाकायामाला पाठवून दिला. सोबत चिठ्ठी नव्हती. बोलणं त्यांना जमतच नसे.

पुढे कंपनीने मला परत मागवून घेतलं आणि त्यानंतरची काही वर्षं मी तिच्या गोदामात, वारा येऊ नये म्हणून खिडकीच्या फटीवर टेकवलेल्या अवस्थेत काढली. चार वीर आणि एक गड अंगावर असलेल्या चित्राला एवढंच काम उरावं, यावर मी फार काही बोलत नाही. कंपनी बुडाली, खेळाचे हक्क दुसऱ्या कंपनीने घेतले आणि मला तोयोमासु नावाच्या जुन्या खेळांच्या दुकानदाराने उचललं. ओसाकातल्याच निप्पोन्बाशी भागात दुसऱ्या मजल्यावर त्याचं दुकान. तिथे त्याने मला काचेत घालून टांगलं आणि माझं नशीब फळफळलं. लोक जिना चढून मला बघायला येऊ लागले. वीरांकडे कोणी ढुंकून बघत नसे. सगळे वाकून खालच्या कोपऱ्यात बघत आणि विचारत, "ही पाचवी कोण?"

खेळात अशी बाईच नव्हती. त्यामुळे वाद फार चांगला चालला. दोन पक्ष पडले. राणीपक्षाचं म्हणणं, ही गडाची मेलेली राणी. बोटावर हिमवलय आहे आणि हातात राजदंड. हेरपक्षाचं म्हणणं, ही शत्रूची हेर. बोटावरच्या पट्टीखाली विषारी सुई आहे आणि हातात खंजीर. उलथण्याच्या बाजूने एकही माणूस नव्हता. कुरामोची हयात असताना कोणीतरी त्यांना गाठून विचारलं होतं. ते कानापर्यंत लाल झाले आणि म्हणाले, "ती? ती कोणी नाही हो." या उत्तरावर दोन्ही पक्षांनी जाडजूड निबंध लिहिले. पुढे कुरामोची वारले. निबंध चालू राहिले.

मग ती बैठक आली. नव्या कंपनीने खेळ पुन्हा काढायचं ठरवलं होतं आणि पाचवी कोण, हे चाहत्यांनीच ठरवावं असा उदार विचार केला होता. तोयोमासुने दुकानात खुर्च्या मांडल्या.

"ऐका," तो म्हणाला. "मत त्यालाच, ज्याच्याकडे पहिल्या छपाईचा डबा. राणी ठरली तर चित्रात मुकुट येईल. हेर ठरली तर काळा बुरखा. नव्या डब्याशी जुळावं म्हणून मूळ चित्रावरच काम करून घेतोय. हे गृहस्थ रंग घेऊन आलेत." कोपऱ्यात चित्रं दुरुस्त करणारा एक माणूस ताकोयाकीचे गरम गोळे काडीने टोचून खात बसला होता. त्याने काडी वर करून नमस्कार केला. "बरोबरी झाली तर चित्र आहे तसं, पुढच्या वर्षी पुन्हा मतदान. पण बरोबरी होणार नाही. आपण एकेचाळीस आहोत."

मित्रांनो, मी काचेत घामाघूम झालो.

तेवढ्यात जिन्यावर धापा टाकल्याचा आवाज आला आणि साठी उलटलेल्या एक बाई दारात उभ्या राहिल्या. मी त्यांना लगेच ओळखलं. मी दुसरं केलंय काय इतकी वर्षं?

"इथे माझं चित्र आहे म्हणे," मिसाओ-सान म्हणाल्या. "टीव्हीवर मोठं करून दाखवलं. भाचा म्हणाला, मावशी, ही तूच."

राणीपक्षाचे प्रमुख इगाराशी उठले. हे व्यवसायाने दातांचे डॉक्टर.

"आजी, तुमचा काहीतरी गैरसमज—"

"आजी कोणाला म्हणतोस? तुझे केस माझ्यापेक्षा पांढरे आहेत."

त्या माझ्याजवळ आल्या आणि नाक काचेला लागेपर्यंत वाकल्या. त्यांच्या श्वासाने काच धुरकटली. त्यांनी बाहीने ती पुसली आणि कितीतरी वेळ नुसत्या बघत राहिल्या.

"ही पट्टी," त्या हळूच म्हणाल्या. "हे बोट मी निघायच्या आदल्या दिवशी कापलं होतं. म्हणजे ह्यांनी बघितलं होतं! मेला बघत होता की! आणि मला सांगायला काय झालं होतं?"

"बाई, ते हिमवलय आहे," इगाराशी म्हणाले.

"सुई आहे," हेरपक्षाच्या उसामी म्हणाल्या. या कर खात्यात नोकरीला होत्या आणि कोणाचंही पहिलं उत्तर खरं धरत नसत. "बरं, ही तुम्ही असाल तर सांगा, गडाचं चौथं दार कसं उघडतं?"

"मला काय माहीत?"

"घ्या! तुम्ही त्याच दारात उभ्या आहात!"

"ते आमच्या मागच्या खोलीचं दार आहे. त्याला कडी नव्हती."

सगळे हसले. इगाराशींनी मिसाओ-सानना तोंड उघडायला सांगितलं, चित्रातले दोन दात आणि समोरचे दात ताडून पाहिले आणि खेदाने म्हणाले, "पुढचे नकली आहेत. तुलनेला आधार नाही."

"अरे, पण तो चित्र काढणारा माझा नवरा होता!"

"त्यांनी स्वतः सांगितलंय, ती कोणी नाही."

मला ओरडून सांगावंसं वाटलं, की बाई, ते लाजले होते, त्यांचे कान लाल झाले होते. पण चित्राला तोंडं कितीही असली तरी आवाज नसतो.

मिसाओ-सान मागच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. शेजारीच तो दुरुस्तीवाला होता.

"मुकुट आला तर तोंड राहील ना?" त्यांनी विचारलं.

"तोंड थोडं करारी करावं लागेल. आणि मिटलेलं. राणी तोंड उघडं टाकून कशी उभी राहील?"

"आणि बुरखा आला तर?"

"बुरख्यात काय, डोळे ठेवू," तो समजुतीने म्हणाला आणि ताकोयाकी त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी एक घेतलं. पण ते हातातच राहिलं.

हात वर झाले. राणीपक्ष एकवीस, हेरपक्ष वीस. इगाराशींनी डोळे पुसले. दुरुस्तीवाल्याने बरणीचं झाकण उघडलं. मला सोनेरी रंग दिसला. इतक्या वर्षांपूर्वी वाचलेली सोनेरी शाई शेवटी मला गाठणारच होती.

"थांबा," मिसाओ-सान म्हणाल्या. "डबा असला की मत देता येतं ना?"

त्यांनी पिशवीतून एक डबा काढला. पहिल्या छपाईचा. कडांना चिकटपट्टी, झाकणावर चहाच्या कपाचा गोल डाग. त्यांनी तो टेबलावर उपडा केला आणि आतून बटणं घरंगळली. शर्टाची, कोटाची, एक मोठं लाल. त्या दिवशी प्रथमच दोन्ही पक्षांच्या तोंडून एकच किंकाळी निघाली.

"बटणं! पहिल्या छपाईत बटणं!"

"ह्यांनी पाठवला होता. आतला खेळ भाच्याला दिला, डबा मजबूत होता म्हणून ठेवला. त्यावर माझं तोंड तांदळाच्या दाण्याएवढं! कोण बघतंय?" त्या उभ्या राहिल्या. "तोयोमासु-सान, नियमात बसतं की नाही?"

तोयोमासुने डबा भिंगाखाली धरला. "बसतं," तो म्हणाला.

"मग माझं मत हेरपक्षाला."

"काय?" इगाराशी किंचाळले. "आत्ता तर म्हणत होतात ती तुम्ही आहात!"

"म्हणत होते. मत बदललं."

"पुरावा काय?"

"पुरावा कसला मागतोस? तिचं तोंड बघ!" मिसाओ-साननी बोट थेट माझ्यातल्या मिसाओवर रोखलं. "दारात उभी राहून टपून बसलीय, घरातला माणूस काय करतो ते बघत. असली बाई राणी? तिच्या हातात मी उलथणंसुद्धा देणार नाही."

मित्रांनो, मी हादरलो. स्वतःच्या चेहऱ्याबद्दल इतकं वाईट बोलताना मी आजवर कोणाला ऐकलं नव्हतं, तेही तो चेहरा वाचवण्यासाठी. एकवीस आणि एकवीस. उसामी धावत आल्या आणि त्यांच्या गळ्यात पडल्या. "ताई, तुमच्यासारखी नजर हवी!" इगाराशी रागाने बटणं गोळा करू लागले, अशी बटणं विखुरलेली त्यांना बघवत नव्हती. दुरुस्तीवाल्याने झाकण लावलं. त्याला दिवसाचे पैसे मिळणारच होते.

पुढच्या वर्षी हेरपक्ष एका मताने पुढे होता. मिसाओ-सान शांतपणे उठल्या आणि राणीपक्षात जाऊन बसल्या. "नीट बघितलं तर तिच्यात काहीतरी राजघराण्यातलं आहे," त्या म्हणाल्या. उसामी वर्षभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. दोन्ही पक्षांच्या मते त्या अत्यंत चंचल बाई आहेत. दोन्ही पक्ष त्यांना दिवाळखोर बुद्धीच्या समजतात आणि दर वर्षी खुर्ची राखून ठेवतात. बैठक आटोपली की त्या माझ्यासमोर थोडा वेळ उभ्या राहतात. कधी काचेवरची धूळ पुसतात, कधी नुसतं "हं" म्हणतात.

मला माहीत आहे, हे फार काळ चालणार नाही. त्यांचे गुडघे गेलेत आणि आमचा जिना उभा आहे. गेल्या वर्षी त्या मध्येच दोनदा बसल्या. वर मतदान सुरू झालं होतं आणि मी काचेत जीव मुठीत धरून टांगलेला होतो. राणीपक्षाने नवे सभासद केल्याचं ऐकतो. दुरुस्तीवाल्यानेही रंगाची बरणी अजून फेकलेली नाही.

तेव्हा मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. माझ्याबद्दल खुशाल भांडा, निबंध लिहा, एकमेकांचे दात मोजा. वादाने कोणत्याही चित्राचा रंग उडालेला नाही. पण एखाद्या चेहऱ्याबद्दल तुमची पक्की खात्री पटली, की आधी हातातला ब्रश खाली ठेवा. आणि तुमच्यापैकी कोणाच्या घरी माळ्यावर तो डबा असेल, मग त्यात बटणं असोत नाही तर खिळे, तर बैठकीला जरूर या. ती कोण आहे असं तुम्हाला वाटतं, ते तुमच्याजवळच ठेवा. फक्त हात सगळ्यात शेवटी वर करा.