वायरीला हात लावणारे महाराज

संध्याकाळी सात वाजता इमारतीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. चाळीसच्या चाळीस बिऱ्हाडं खाली उतरली होती. घरोघरी इंटरनेटवरच्या टीव्हीत सातच्या मालिकेचं चित्र नेमकं अडकायचं; महाराजांनी इंटरनेटच्या वायरीला हात लावला, की हॉलमधल्या पडद्यावर मात्र तीच मालिका पाण्यासारखी वाहायची.

"घरातले टीव्ही बंद करून आलात ना?" महाराज गरजले. "यंत्र बंद, तरच मन उघडं! लहरी शुद्ध झाल्या... बघा!"

चित्र सुरळीत चाललं. हात जोडले गेले.

दाराशी उभी असलेली वायरवाली थकून भिंतीला टेकली. इंटरनेटच्या जोडण्या दुरुस्त करत दिवसभर जिने चढून तिचे पाय भरून आले होते. त्यात याच इमारतीत राहणाऱ्या, रोज इथे येऊन बसणाऱ्या तिच्या मावशीने औषध सोडल्याचं कळलं होतं.

"मावशी, ब्लडप्रेशरच्या गोळ्या अशा बंद करतात का गं?"

"वायरीतला अडथळा काढला त्यांनी. माझ्या नसांतला नाही काढणार?" एवढं बोलतानाही मावशीला धाप लागली.

वाद घालायचं वायरवालीत त्राण नव्हतं. "महाराज, तुम्ही हात लावून बसा," ती म्हणाली. "बाकीच्यांनी घरी जाऊन हीच मालिका लावा. दहाच मिनिटं."

"श्रद्धेची परीक्षा घेऊ नये!" असं महाराज म्हणेपर्यंत निम्मी माणसं जिन्यात होती. पाचव्या मिनिटाला हॉलमधलं चित्र थबकलं. महाराजांनी दोन्ही हातांनी वायर धरली. नटीचं उघडं तोंड उघडंच राहिलं.

"मालिका एकच, पण प्रत्येक घर तिची वेगळी प्रत मागवतं," माणसं परतल्यावर वायरवालीने सांगितलं. "चाळीस प्रती एका वायरीत कोंबल्या की ती तुंबते. तुम्ही टीव्ही बंद करून खाली आलात, की एकच प्रत उरते. चमत्कार तुम्हीच करत होता."

दुसऱ्या दिवशी तिने जिन्याखालच्या पेटीत नवं यंत्र बसवलं. आता बाहेरून एकच प्रत येणार आणि तिथून फाटे फुटून ती घरोघरी जाणार. सातला सगळे टीव्ही चालले.

"महाराजांनी आधीच वाट मोकळी केली होती ना," वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर म्हणाले.

तिला रागही आला नाही. ती मावशीला डॉक्टरांकडे घेऊन गेली. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या.

परतताना मावशीने हळूच विचारलं, "मग मला तिथे बरं का वाटायचं गं?"

"रोज चार माणसांत बसत होतीस ना. एरवी घरी एकटीच असतेस." वायरवालीने तिचा हात धरला. "कुणी हात लावला आणि काही बरं झालं, तर त्याच वेळी आणखी काय बदललं, एवढं विचारत जा."