पाचवा मजला

"अहो, तुमची बायको उद्या दवाखान्यातून घरी येतेय आणि आजच लिफ्ट बंद केलीत?" सेक्रेटरीकाका जिन्यातच ओरडले. "चार दिवस करा की जरा कानाडोळा!"

बाबांनी तिसऱ्या मजल्यावरचं लिफ्टचं दार ओढलं. ते सहज उघडलं. लिफ्ट मात्र तळमजल्यावर होती. काकांनी आत डोकावून पाहिलं आणि झटकन मागे सरले. तरी जाता जाता म्हणालेच, "मोठे इन्स्पेक्टर लागून गेलात!"

हा टोमणा आम्हाला नवा नव्हता. इन्स्पेक्टर म्हटलं की लोकांना पोलीसच आठवायचा. शाळेत मैत्रिणी विचारायच्या, "बाबांकडे पिस्तूल असेल ना गं?" कसलं पिस्तूल! एक बॅटरी, एक पाना आणि ग्रीसचे डाग पडलेले शर्ट. शहरातल्या लिफ्ट तपासायच्या आणि पास केलेल्या लिफ्टमध्ये आधी स्वतः बसायचं, मग इतरांनी, हा त्यांनीच घालून घेतलेला नियम. चहात साखर कमी पडली म्हणून त्यांनी तोंड वाकडं केलं, की आई हसून म्हणे, "आले आमचे इन्स्पेक्टर!" तो शब्द इतक्या मायेने दुसऱ्या कुणी उच्चारलेला मी ऐकला नाही.

त्या संध्याकाळी मी बाबांशी कडाकडा भांडले. "डॉक्टरांनी तिला एक पायरीसुद्धा चढायची नाही म्हणून सांगितलंय. तापाने हृदय कमजोर झालंय, ताण येईल म्हणाले. आणि आपण पाचव्या मजल्यावर!"

"ती नाही चढणार," बाबा म्हणाले. "मी चढेन."

दुसऱ्या दिवशी जिन्याशी ते पाठमोरे खाली बसले. तापाने आईच्या अंगात काही उरलंच नव्हतं.

"अहो, लोक बघतायत!"

"बघू देत. नीट धर."

बॅग घेऊन मी मागून चालले होते. पहिल्याच वळणावर बाबांना धाप लागली.

"इन्स्पेक्टरसाहेब, तपासणीत नापास होणार तुम्ही," आई त्यांच्या कानाशी म्हणाली. आजारपणात पहिल्यांदाच ती हसत होती. तिसऱ्या मजल्यावर सेक्रेटरीकाका खुर्ची मांडून उभे होते. कुणाच्याही नजरेला नजर न देता म्हणाले, "टेका जरा, वहिनी."

सुटा भाग मिळेपर्यंत लिफ्ट बंदच राहिली. दवाखान्याच्या प्रत्येक खेपेला आई बाबांच्या पाठीवरून उतरली आणि चढली. वळणावळणावर थांबून दोघं बोलत बसत. बाबांनी तिला पहिल्यांदा कुठे पाहिलं, लग्नाआधी तिला किती घाबरत होते, हे सगळं मी त्या जिन्यात ऐकलं. घरात एरवी ते दोघं असं कधी बोललेच नव्हते. आज दोघंही नाहीत. मला त्यांची आठवण येते ती त्या जिन्यातलीच.

शेवटी लिफ्ट दुरुस्त झाली. बाबांनी प्रत्येक मजल्यावरचं दार ओढून पाहिलं, एकटेच वरखाली फिरून आले आणि मगच आईला हात दिला. आम्ही तिघं आत शिरलो. दार लागलं, लिफ्ट गुपचूप वर गेली आणि थांबली. बाबांनी दार उघडून धरलं.

आई जागची हलली नाही.

"इतक्यात आलो?" ती म्हणाली.