आत्याचे भोपळे

“अरे, डाग खाली कर त्याचा! भोपळा काय उताणा वाढतो?”

बोलून गेले आणि जीभ चावली. भाचा ट्रॉलीतून भोपळे उतरवून माझ्या वेलांमध्ये मांडत होता. बाजारातून आणलेले, एकसारखे गोल, चकचकीत. भोपळा जमिनीला टेकतो तिथे पिवळट डाग पडतो, तो यानं खुशाल आभाळाकडे केला होता. म्हणजे लबाडी त्याची आणि शिकवणी माझी!

यंदा आमचे भोपळे गेले. ऐन फळ धरताना पाऊस लागून राहिला आणि वेलांवरची फळं कुजली. त्याला कोणाचा इलाज नाही. पण सुट्ट्या लागल्या की लोक गाड्या भरभरून आमच्या शेतावर येतात. ट्रॅक्टरवर चक्कर मारतात, मक्याच्या भुलभुलैयात हरवतात. पैसे मोजून हरवायचं, धन्य आहे! आणि जाताना वेलावरचा भोपळा घेऊन जातात. फाटकावर भलीमोठी पाटी आहे, ‘आत्याचे भोपळे’, आणि खाली माझा हसरा फोटो.

“तो फोटो तरी काढ,” मी म्हटलं. “नाहीतर सरळ लिही, यंदा पीक गेलं, हे बाजारातले आहेत.”

“आत्या, लोक मजा करायला येतात गं. रिकामं शेत दाखवू त्यांना?”

“म्हणून माझा चेहरा लावून खोटं विकशील?”

“कोणाला कळणार आहे?”

हे मात्र झोंबलं. लग्न केलं नाही, भावाच्या घरी राहिले, पण फुकटचं खाल्लं नाही कधी. बी राखण्यापासून वेल फिरवण्यापर्यंत सगळं माझ्या हातचं. आणि म्हणे कोणाला कळणार!

त्या नासाडीतून माझा एकच भोपळा वाचला होता. चेपका, खरबरीत, पुढच्या वर्षीच्या बियाण्यासाठी ठेवलेला. तो घरातून आणला आणि अगदी वाटेलगत, सगळ्यांच्या पुढे ठेवला. कोणी उचलला तर बियाणं जाणार होतं. जाऊ दे म्हटलं. एकाला तरी कळलं म्हणायचं.

लोक आले. कोणी त्याला ओलांडून गेले. एका बापानं लेकराला त्याच्यावर बसवून फोटो काढला आणि नेला शेजारचा गुळगुळीत. दुपारी एक बाई लगबगीनं माझ्याकडे आली.

“अय्या, तुम्हीच ना पाटीवरच्या आत्या? कुठला घेऊ, तुम्हीच सांगा.”

“बाई, खरं सांगते. हे सगळे बाजारातले. माझा हा एवढा एकच.”

तिनं त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि खो खो हसत सुटली. “अहो, इकडे या! आत्या किती विनोदी आहेत बघा!” मग बाजारातला एक भोपळा माझ्या हातात देऊन तिनं नवऱ्याकडून फोटो काढून घेतला. आणि मी मेली तो धरून उभी राहिले.

संध्याकाळी भाचा उरलेले गोळा करायला आला. माझ्या भोपळ्यापाशी थबकला. मला वाटलं, चला, याला तरी कळलं. ह्याच वाणाचे भोपळे खाऊन वाढलाय.

“आत्या, हा कुजका कुठून आला यात?” असं म्हणून त्यानं तो उचलला आणि गुरांच्या चाऱ्यावर भिरकावला.

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. भांडायला तोंड उघडलं, पण भांडणार कोणाशी? ज्याला घरचं ओळखू येत नाही त्याच्याशी?

“काय झालं गं?” त्यानं विचारलं.

“काही नाही. तुझंच खरं, बाबा. कोणालाच कळलं नाही.”

तो ट्रॅक्टर घेऊन गेला. मी चाऱ्यातून भोपळा शोधून काढला. फुटला नव्हता. माती पुसली, काखेत धरला आणि घराकडे निघाले. वाटेत फाटक लागतं. वर पाटीवर मी हसतच होते.