बांधाकडेचं भात

ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं अन्न पोटात जाऊ द्यायचं नाही, असं सुंदराबाईचं व्रत होतं. पोलादपूरच्या अलीकडे तिची वाडी. तिथल्या बायका तळ्यात आपोआप उगवणारं देवभात आदल्या वर्षीच जमवून ठेवत. पण त्याचा दाणा पिकला की झडून पाण्यात जातो. म्हणून लोंब्या हिरव्या असतानाच एकत्र बांधायच्या, पिकल्या की टोपलीत झाडून घ्यायच्या आणि निघताना तळ्याचं तळ्याला म्हणून एक मूठ तिथेच टाकायची. सासूने शिकवलं तसंच सुंदराबाई करत आली होती. पुढच्या भादव्यात व्रताचं उद्यापन करायचं तिने ठरवलं होतं.

दिवाळीच्या तोंडावर तिचा दीर रावजी भातकापणी सोडून तणतणत आला. त्याच्या खाचरात तळ्याच्या बाजूने लांब कुसळांची, तांबड्या दाण्याची रोपं निघाली होती.

"वयनी, तुझा देव माझ्या शेतात शिरलाय," तो म्हणाला. "बांधाकडेचं सगळं मुळासकट काढणार मी."

"आधी मला बघू तर दे."

खाचर आणि तळं यांच्यामध्ये एक चिंचोळी ओली पट्टी होती. तिथे नांगर पोचत नसे आणि तळ्याचं पाणीही पुरतं चढत नसे. गुडघे दुखायला लागल्यापासून सुंदराबाई तळ्यात उतरत नव्हती, पट्टीतलंच देवभात घेई. या वर्षी तिच्या काही लोंब्या बांधायच्या राहून गेल्या होत्या. त्या पिकून वाळल्या तरी दाणे जागच्या जागी होते. तिने एक लोंबी धरून हलवली. चार दाणे पडले, बाकीचे तसेच राहिले. देवभात असं धरून राहत नाही. राहतं ते शेतातलं.

मग इतकी वर्षं पंचमीला आपण काय खाल्लं?

रावजीची मुलगी सई महाडच्या कॉलेजात शिकत होती, सुट्टीला घरी आली होती. सुंदराबाईने तिला बांधावर नेलं. रावजीही मागोमाग आला. सईने सांगितलं, दोन्ही भातं एकाच कुळातली. फुलोरा एका वेळी आला तर वाऱ्याने एकाचे पराग दुसऱ्यावर पडतात आणि मधलीच संतती होते. बहुतेक वेळा ती पुढे आईत नाहीतर बापात मिसळून जाते. पण कधी तिला दोघांनाही न मानवणारी जागा मिळते, फुलायची वेळही वेगळी पडते. मग ती आपल्या आपल्यातच वाढते. अशा पुष्कळ पिढ्या गेल्या तर नवी जात होते.

"याचा फुलोरा येगळाच येतो गो," सुंदराबाई म्हणाली. "शेतातलं निसवून जातं, मग हे, मग तळ्यातलं."

"आणि काकी, धरून राहणारा दाणाच तुझ्या टोपलीत जास्त आला. त्यातलीच मूठ तू दर वर्षी इथे टाकलीस."

"म्हंजे ही नवी जात?" रावजीने विचारलं.

"एवढ्यात नाही, बाबा. होईल, नाहीतर तण म्हणून संपेल."

"तण तर हायच," तो म्हणाला आणि कोयता घेऊन खाली वाकला.

सुंदराबाईने त्याचा हात धरला. मग तिने पट्टीतला चिखल निरखून पाहिला. तिथे बैलाचा खूर उमटलेला तिने कधी पाहिला नव्हता.

"शेतात शिरलंय ते उपट. तुझंच हाय. पट्टीतलं राहू दे."

"आणि उद्यापनाला काय शिजवणार?"

"हेच. या दाण्यासाठी बैल राबला नाय. त्याचे आईबाप कुठे वाढले, ते मी काय म्हणून काढत बसू?"

"देवाला कळलं तर?"

"त्याला पहिल्यापासून ठाव हाय. आपल्याला आत्ता कळलं."

भादव्यात तिने ते भात उखळात सडलं, शिजवलं आणि उद्यापन केलं. भात तांबूस, जरा चिवट झाला होता. रावजीने दोनदा वाढून घेतला आणि कुसळ दातात अडकल्याची तक्रार केली.

व्रत संपलं होतं, त्यामुळे त्या दिवाळीत सुंदराबाईने लोंब्या बांधल्या नाहीत आणि मूठही टाकली नाही. आता ते आपल्या जिवावर टिकतंय का, एवढंच बघायचं होतं. पुढच्या आषाढात ती काठी टेकत बांधावर गेली. रावजी नांगर धरून होता. पट्टीजवळ येताच त्याने बैल अलीकडेच वळवले. पट्टीत पोपटी पाती वर आली होती. किती, ते तिने मोजलं नाही.

"नाव काय ठेवायचं याचं?" त्याने लांबून विचारलं.

"घाई काय हाय," ती म्हणाली, आणि पात्यावरची गोगलगाय उचलून तिने तळ्याच्या कडेला सोडली.